'मसाजर' या शब्दाच्या आड

मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिलेला एक निकाल कायद्याच्या अभ्यासकांइतकाच भाषेच्या अभ्यासकांनीही वाचावा असा आहे. परदेशातून आलेली 'बॉडी मसाजर'ची एक खेप सीमाशुल्क खात्याने अडवली होती. ही उपकरणे अंग रगडण्यासाठी म्हणून आणली असली तरी लैंगिक सुखासाठी त्यांचा उपयोग होऊ शकतो, सबब ती अश्लील, आणि सबब १८ जानेवारी १९६४ च्या अधिसूचनेनुसार त्यांची आयात निषिद्ध, अशी आयुक्तांची विचारसरणी होती. अपीलीय न्यायाधिकरणाने ती अमान्य केली आणि उच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निर्णय उचलून धरला. आयुक्तांचा निष्कर्ष वस्तूतून निघालेला नसून त्यांच्या कल्पनेतून निघालेला आहे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. १९६४ च्या त्या अधिसूचनेत पुस्तके, पत्रके, चित्रे अशा वस्तूंची यादी आहे. मसाजर ही काही त्या जातीची वस्तू नव्हे, हेही न्यायालयाने नोंदवले.

निकाल योग्यच आहे. परंतु त्यातली एक गंमत नजरेआड करता येत नाही. वस्तू सुटली ती 'मसाजर' ठरली म्हणून. स्त्रीने आपल्या सुखासाठी एखादे उपकरण वापरणे यात गैर काय, या प्रश्नाला हात लावण्याची गरज न्यायालयाला पडली नाही, कारण तो प्रश्न नावाच्या आड सुरक्षित बसला होता. अश्लीलतेच्या यादीत बसायचे तर पुस्तक व्हावे लागते आणि यादीतून सुटायचे तर मसाजर म्हणवून घ्यावे लागते. साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून चांगला शब्दशक्तीचा पाठ कोणता मिळणार? अभिधा पाठदुखीची, व्यंजना दुसऱ्याच गोष्टीची, आणि सगळा व्यापार त्या दोहोंमधल्या फटीत.

ही फट आपल्याच देशाची आहे असे नाही. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये मॉर्टिमर ग्रॅनव्हिल या डॉक्टराने विजेवर चालणारे कंपनयंत्र प्रचारात आणले ते स्नायूंच्या आणि मज्जातंतूंच्या दुखण्यांसाठी. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन नियतकालिकांत अशा यंत्रांच्या जाहिराती घरगुती उपयोगाची वस्तू म्हणून छापल्या जात. १९६८ साली हिताची या जपानी कंपनीने अमेरिकेच्या बाजारात आणलेली कांडीही अंग रगडण्याचीच होती. पुढे बेटी डॉडसन यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या वर्गांत स्त्रियांना तिचा दुसरा उपयोग समजावून दिला, तेव्हा कुठे जे सर्वांना ठाऊक होते ते बोलले जाऊ लागले. डॉक्टर लोक स्त्रियांच्या 'हिस्टेरिया'वर उपचार म्हणून ही यंत्रे वापरत, अशी एक कथा रेचल मेन्स यांच्या १९९९ च्या पुस्तकामुळे जगभर पसरली. तिच्यावर नाटक आले, चित्रपट आला. २०१८ साली हॅली लिबरमन आणि एरिक शॅट्झबर्ग यांनी मेन्स यांनी दिलेले आधार एकेक करून तपासले आणि ते आधार त्या कथेला पेलत नाहीत हे दाखवले. ग्रॅनव्हिल यांनी तर आपण स्त्रियांवर हा प्रयोग करण्याचे टाळले असे स्वतःच लिहून ठेवले होते. म्हणजे जिथे सरळ बोलणे नसते तिथे आधी सोज्ज्वळ नावे येतात आणि मागोमाग चुरचुरीत दंतकथा येतात. या दोहोंमध्ये साधी माहिती मात्र पोरकी राहते.

प्रस्तुत लेखाचा विषय ही पोरकी माहितीच आहे.

लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी आज कुरिअरने काय येत नाही? मोबाइलवर बोट फिरवले की 'पर्सनल मसाजर' नावाची वस्तू साध्या तपकिरी खोक्यात घरपोच होते. खोक्यात एक घडीपत्रिका असते. ती इंग्रजीत किंवा चिनीत असते. याच गावात सोयाबीनवर फवारायचे औषध आणले तर किती पाण्याला किती मिली, वाऱ्याच्या कोणत्या दिशेला उभे राहावे, पोटात गेले तर काय करावे, हे सारे मराठीत मिळते. कीटकनाशकाबद्दल आपण मराठीत बोलू शकतो; मिक्सरबद्दल बोलू शकतो; स्त्रीच्या देहाच्या सुखाबद्दल बोलायची वेळ आली की मराठी माणूस एकतर संस्कृतात शिरतो किंवा शिवीत. मधली जागा रिकामी आहे.

ही जागा नेहमीच रिकामी होती काय? महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती'पासून शाहिरांच्या लावण्यांपर्यंत स्त्रीच्या तोंडी कामना घालण्याची परंपरा आपल्याकडे आहे. वात्स्यायनाने सातव्या अधिकरणात 'अपद्रव्ये' म्हणजे कृत्रिम साधने सांगितली आहेत आणि अंतःपुरातील स्त्रिया परस्परांत अशी साधने वापरीत असेही नोंदवले आहे. तेव्हा 'हे पाश्चात्त्यांचे खूळ' हा आक्षेप इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. परंतु ही परंपरा पुढे करून समाधान मानणाऱ्यांशीही माझा मतभेद आहे. कामसूत्र नागरकासाठी, म्हणजे सधन पुरुषासाठी, लिहिले गेले आणि लावणी बहुतांशी पुरुषाने लिहून पुरुषांसमोर स्त्रीच्या तोंडून म्हणवली गेली. तिच्यात इच्छा आहे, शृंगार आहे, विरह आहे. पण स्त्रीने स्वतःचा देह ओळखावा यासाठी उपयोगी पडेल असा मजकूर तिच्यात शोधू नये. ते तिचे कामही नव्हते.

आता बोलीकडे वळू. मराठवाड्यातल्या बायकांच्या बोलण्यात देहासाठी शब्दांची वाण मुळीच नाही. पाळीला 'अडचण' आहे, 'कावळा शिवणे' आहे, 'बाहेर बसणे' आहे. अंगावरून पांढरे जाते, अंग बाहेर येते, पोट राहते, पिशवीला सूज येते आणि शेवटी पिशवी काढली जाते. शब्दांची ही यादी नीट पाहावी. तिच्यात स्राव आहे, वेदना आहे, विटाळ आहे, प्रसूती आहे, शस्त्रक्रिया आहे. सुख तेवढे नाही. भाषेत शब्द नसणे म्हणजे अनुभव नसणे नव्हे, हे मान्य. पण ज्याला चारचौघींत उच्चारता येईल असा शब्द नाही, त्याबद्दल प्रश्नही विचारता येत नाही आणि ज्याबद्दल प्रश्न विचारता येत नाही त्याबद्दलची तक्रारही नोंदवली जात नाही.

याचे मोल काय पडते त्याचे पुरावे आहेत. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचे आजार होते आणि त्याआधी कधी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाच्या समितीपुढे आलेली आकडेवारी आणखी अस्वस्थ करणारी आहे : पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. ज्या देहाविषयी बाईला कामाच्या आणि अपत्याच्या भाषेपलीकडे भाषाच दिलेली नाही, त्या देहाचा एक भाग 'आता त्याचा उपयोग काय' म्हणून काढून टाकायला सांगणे सोपे जाते. तेव्हा सुखाचा विषय हा पोटभरू शहरी बायकांचा चोचला आहे, असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. सुखाचा शब्द आणि दुखण्याचा शब्द एकाच अवयवाचे असतात. एक गिळला की दुसराही घशात अडकतो.

येथे साहित्याच्या अध्यापकांना थोडे अप्रिय वाटेल असे विधान करतो. ही जागा रिकामी राहण्यात आपल्या साहित्यविचाराचाही वाटा आहे. अश्लीलतेच्या प्रश्नावर मराठी साहित्यिक लढले नाहीत असे कोणी म्हणणार नाही. मर्ढेकरांच्या 'काही कविता'वर खटला झाला आणि १९५२ साली ते निर्दोष ठरले. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कादंबरिका १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली. तिच्यावरचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली काकोडकर सुटले. 'सखाराम बाइंडर'ची झुंज तर सर्वश्रुत आहे. हे लढे मोलाचेच होते. परंतु या सर्व लढ्यांत बचावाचा मुख्य आधार एकच होता : ही कलाकृती आहे, हिला साहित्यमूल्य आहे, तिच्यातील शृंगार आशयाच्या गरजेतून आला आहे. देहाविषयी बोलण्याचा परवाना कलेच्या नावावर निघाला. ज्या मजकुरात कला नाही, रूपक नाही, ज्याला केवळ एक गोष्ट समजावून सांगायची आहे, त्याची बाजू मांडायला समीक्षक आले नाहीत. १९६९ च्या दुरुस्तीने कलम २९२ मध्ये साहित्य आणि कलेबरोबरच विज्ञान आणि ज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनालाही सूट दिली होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तिचा आशय कायम आहे. कायद्याने जे दोन हात पुढे केले त्यातला एकच आपण धरला.

अपवाद एकच आणि तो डोंगराएवढा : रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणाऱ्या, १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातील गणिताच्या अध्यापनावर पाणी सोडणाऱ्या या माणसाने जुलै १९२७ पासून नोव्हेंबर १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. अखेरचा अंक निघाला तेव्हा संपादक हयात नव्हते. १९३१ मध्ये त्यांना अश्लीलतेबद्दल १०० रुपये दंड झाला. १९३४ चा खटला आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. वाचकांनी हस्तमैथुनासारख्या विषयांवर पत्रांतून शंका विचारल्या आणि कर्व्यांनी त्यांची सरळ उत्तरे छापली, हा त्यांचा अपराध. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांना शंका आहेत, त्या नियतकालिकाकडे विचारल्या जातात, तर त्यांची उत्तरे का देऊ नयेत, हा त्या बचावाचा गाभा होता. खटला हरला, २०० रुपये दंड झाला. या प्रसंगावर अजित दळवी यांनी लिहिलेले 'समाजस्वास्थ्य' हे नाटक अतुल पेठे यांनी २०१७ साली रंगभूमीवर आणले.

बाबासाहेबांच्या बचावात आणि 'श्यामा'च्या बचावात मूलभूत फरक आहे, तो वर्गात शिकवला पाहिजे. तिथे प्रश्न साहित्यमूल्याचा नव्हता. वाचकाच्या शंकेचा होता. मजकुराची प्रतिष्ठा त्याच्या शैलीवरून नव्हे तर विचारणाऱ्याच्या गरजेवरून ठरते, असे ते म्हणणे. कर्व्यांचे गद्यही तसेच होते : कोरडे, तिरकस, अलंकाराला फटकून वागणारे, गणिताच्या शिक्षकाला शोभेल असे. मराठी गद्याच्या इतिहासात त्याची जागा निबंधकारांच्या रांगेत असावी.

तर मग आजच्या एखाद्या वाचक बाईने तशीच शंका विचारली, की ही वस्तू आहे तरी काय आणि ती वापरायची कशी, तर मराठीत उत्तर कसे दिसेल? 'रुचिरा'ने १९७० पासून लाखो घरांत वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवला. त्या गद्याला वाङ्मयीन आविर्भाव नव्हता आणि म्हणूनच ते उपयोगी पडले. तीच रीत येथे चालावी. नमुन्यादाखल एक उतारा लिहून पाहतो.

"या उपकरणात एक लहान मोटर असते. तिच्या दांड्यावर एका बाजूला वजन बसवलेले असते. ते फिरले की उपकरण थरथरते. काही उपकरणे अंगाबाहेर लावायची असतात, काही योनीत घालता येतात. प्रथमच घेत असाल तर बाहेर लावायचे लहान उपकरण पुरे. योनिमुखाच्या वर, ओठांच्या सांध्यात जो दाण्याएवढा अवयव असतो त्याला शिश्निका म्हणतात. दिसतो तो तिचा शेंडा. बाकीचा मोठा भाग आत पसरलेला असतो. स्त्रीच्या सुखाचे हे मुख्य ठिकाण आहे आणि बहुतेक स्त्रियांना केवळ संभोगाने मिळत नाही ते सुख येथील स्पर्शाने मिळते. यात विकृती नाही, आजार नाही.

"सिलिकॉनचे किंवा कडक गुळगुळीत प्लास्टिकचे उपकरण घ्यावे, मऊ, वास येणाऱ्या, सच्छिद्र प्लास्टिकमध्ये जंतू राहतात. वापरण्याआधी आणि नंतर कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावे, कोरडे करून स्वच्छ कापडात ठेवावे. पाण्यात बुडवण्याजोगे नसेल तर ओल्या फडक्याने पुसावे. आधी तळहातावर, मग मांडीवर सर्वांत मंद वेगाने लावून पाहावे. मग कपड्यावरूनच शिश्निकेच्या आजूबाजूला. थेट तिच्यावर दाबण्याची गरज नाही; तो भाग फार नाजूक असतो. घाई करू नये. पहिल्या वेळी काही विशेष वाटले नाही तर त्यात तुमचे काही चुकले असे नाही. थोडी बधिरता आली तर थांबावे, ती आपोआप जाते. दुखले तर थांबावेच.

"कोरडेपणा वाटला तर पाण्याचा आधार असलेले वंगण वापरावे. सिलिकॉनचे वंगण सिलिकॉनच्या उपकरणाला खराब करते. खोबरेल तेलाने निरोध फाटू शकतो. उपकरण एकमेकींत वापरू नये. गुदद्वाराला लावलेले उपकरण धुतल्यावाचून योनीला लावू नये आणि ज्याच्या बुडाला रुंद थांबा नाही अशी कोणतीही वस्तू गुदद्वारात घालू नये, ती आत अडकते. जखम, जंतुसंसर्ग, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, नुकतीच प्रसूती किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, गरोदरपणात अडचण असेल किंवा पेसमेकर बसवला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. जोडीदारासोबत वापरायचे असेल तर दोघांची इच्छा हवी. एकीने नको म्हटले की विषय संपला, मग ते लग्नाचे घर का असेना."

एवढेच. या उताऱ्यात गाल लाल व्हावेत असे काय आहे? अवघड शब्द म्हणाल तर 'शिश्निका' हा एक. तोही वैद्यकाच्या पुस्तकांतून घेतलेला. त्यातल्या 'शिश्न' या मुळाने स्त्रीचा अवयव पुरुषाच्या अवयवाची लहान आवृत्ती असल्याचे सुचवले जाते हा त्याचा दोष आहे. मेलबर्नच्या शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी १९९८ साली शवविच्छेदनाच्या आधारे या अवयवाचा खरा विस्तार दाखवून दिला, त्याआधीची वैद्यकीय पुस्तकेही त्याबाबत अपुरीच होती. इतकी वर्षे शास्त्रालाच जे पुरते ठाऊक नव्हते त्याला मराठीने नीटसा शब्द दिला नाही याचे नवल नको. पण आता द्यायला काय हरकत आहे? भाषाशुद्धीच्या नावाखाली आपण 'दिनांक' आणि 'महापौर' घडवले. या एका शब्दासाठी कोणी परिभाषा समिती बसवली तर ते मराठीवर उपकार होतील.

दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला कौटुंबिक : अविवाहित मुलींच्या हाती हे पडले तर? या प्रश्नामागे कौमार्याची एक चुकीची शरीररचना दडलेली असते. योनिपटल हे काही मोहोरबंद पाकीट नव्हे. ते लवचीक असते, प्रत्येकीचे निराळे असते आणि त्यावरून पूर्वायुष्याचा दाखला निघत नाही. २०१८ साली कंजारभाट समाजातील तरुण-तरुणींनी कौमार्य चाचणीविरुद्ध आवाज उठवला तो याच अज्ञानाविरुद्ध होता. माहिती दिल्याने मुली बिघडतात हा समज कर्व्यांच्या काळीही होता. त्या समजाने कोणाचे रक्षण झाले, याचा हिशेब कोणी दिलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो डाव्या व स्त्रीवादी विचारांच्या मित्रांकडून येतो. सुखाचे हे रूप बाजाराने दिलेले आहे; ज्या नात्यात बाईचे ऐकलेच जात नाही तिथे यंत्र देऊन प्रश्न सुटतो काय? नाही सुटत. यंत्र नवऱ्याला ऐकायला शिकवत नाही, मजुरी वाढवत नाही, दिवसाची दगदग कमी करत नाही. ज्या घरात बाईला दार लावून घेण्याइतका एकांत नाही तिथे ते उशीखालीच पडून राहील. हे सर्व खरे मानूनही माझे म्हणणे उरतेच, कारण ते वस्तूच्या बाजूचे नाही, वाक्यांच्या बाजूचे आहे. वस्तू विकत घ्यावी की नाही हे जिचे तिने ठरवावे. पण आपल्या देहाची रचना, त्याची सुखाची जागा, 'नको' म्हणण्याचा हक्क ही वाक्ये तिला तिच्या भाषेत मिळाली पाहिजेत. बाजाराने इंग्रजीतून दिलेले सुख आणि समाजाने मराठीतून दिलेले मौन, यांतून तिने निवड करावी असे म्हणणे म्हणजे तिला निवड न देणेच होय.

मराठीच्या अभ्यासक्रमांत व्यावहारिक मराठी, उपयोजित लेखन, माहितीपत्रक लेखन असे घटक आता आले आहेत. विद्यार्थी त्यात बँकेची, पर्यटनाची, फार तर मतदान जागृतीची पत्रके लिहितात. एखाद्या अध्यापकाने धीर करून पाळीच्या कपाविषयी, पांढऱ्या स्रावाविषयी, आणि वर्ग तयार असेल तर या उपकरणाविषयीही एक पान लिहायला सांगावे. नियम दोनच : संस्कृतात लपायचे नाही आणि हसे होईल असे लिहायचे नाही. मुलींनी लिहावे, मुलांनीही लिहावे आणि गावच्या आशाताईंना किंवा परिचारिकेला वाचायला देऊन कुठे अडखळायला झाले ते विचारून यावे. त्या अडखळण्याच्या जागी मराठीला अजून कोणता शब्द घडवायचा आहे ते नेमके कळेल.